विजेवरची पहिली गाडी आणताना आणि जुनी मार्गी लावताना : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

विजेवर चालणारी गाडी घ्यायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती रंगाची, सनरूफची आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल याची. ठाण्यात किंवा नवी मुंबईत सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबासाठी खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे : गाडी रात्री जिथे उभी राहते तिथपर्यंत वीज कशी पोहोचणार? दुसरा प्रश्न सहसा शेवटच्या आठवड्यात आठवतो, तो म्हणजे जुनी गाडी आपल्या नावावरून कागदोपत्री केव्हा उतरणार. ही दोन टोके पक्की असली की मधली कामे फारशी अवघड नाहीत. म्हणून पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत, आणि शक्यतो हा क्रम मोडू नये.

पहिली पायरी : शोरूमच्या आधी मीटर खोली

बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वी एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन इमारतीच्या मीटर खोलीत जा. तिथून आपल्या पार्किंगपर्यंत वायर कोणत्या मार्गाने जाईल, तो मार्ग किती लांब आहे, मध्ये भिंतीला भोक पाडावे लागेल का आणि अर्थिंगची पट्टी कुठवर आली आहे, हे प्रत्यक्ष पाहून कागदावर रेखाटून घ्या. घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलांत पार्किंग पोडियमच्या, म्हणजे इमारतीखालच्या बहुमजली पायथ्याच्या, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असते आणि मीटर खोली तळमजल्यावर. अशा ठिकाणी वायरचा खर्च चार्जरच्या खर्चाच्या बरोबरीला येऊ शकतो. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे भागांतील सिडकोच्या जुन्या वसाहतींत प्रश्न वेगळा असतो, कारण तिथे अनेकांना हक्काची पार्किंगची जागाच नसते आणि गाडी रस्त्याकडेला उभी राहते. खिडकीतून वायर सोडून पदपथावरून गाडीपर्यंत नेणे धोक्याचे आहे आणि ते कोणीही करू नये. अशा कुटुंबाने कार्यालयात किंवा जवळच्या चार्जिंग केंद्रावर आठवड्यातून दोनदा गाडी चार्ज करणे जमेल का, याचा आधी प्रामाणिकपणे विचार करावा. जमत नसेल, तर गाडी घेणे वर्षभर पुढे ढकललेले बरे.

यांत्रिक स्टॅक पार्किंग (प्लॅटफॉर्मवर एकावर एक गाड्या ठेवण्याची सोय) असलेल्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. बॅटरीमुळे विजेवरची गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही शे किलोंनी जड असते, त्यामुळे प्लॅटफॉर्मची वजनमर्यादा त्यावर लावलेल्या पाटीवरून तपासावी. दुसरे म्हणजे, वरच्या प्लॅटफॉर्मवरच्या गाडीला लावलेली वायर प्लॅटफॉर्म हलताना अडकते. त्यामुळे शक्य असल्यास जमिनीलगतची जागा अदलाबदल करून घ्यावी.

यानंतर सोसायटीच्या कमिटीकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी विचारणा केली की 'बघू', 'पुढच्या सभेत घेऊ' अशी उत्तरे मिळतात. लेखी अर्जासोबत इलेक्ट्रिशियनने काढलेला आराखडा, चार्जरची क्षमता, सुरक्षेसाठी बसवायच्या एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारी कळ) आणि आरसीसीबीचा (वीज गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) तपशील आणि सर्व खर्च स्वतः करण्याची हमी जोडली की चर्चा मुद्द्यावर येते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालकाला घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हेही अर्जात नमूद करावे. कमिटीची खरी भीती दोन गोष्टींची असते : आग, आणि सामायिक मीटरवर पडणारा भार. तुमची वायर तुमच्याच मीटरवरून येणार आहे हे स्पष्ट झाले की दुसरी भीती तिथेच संपते. पहिलीसाठी चिटणीसांना जागेवर नेऊन आराखडा दाखवणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते.

दुसरी पायरी : चार्जर आणि बिलाचा हिशेब

ठाणे आणि नवी मुंबईत बहुतांश वीजपुरवठा महावितरणचा आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात वितरण टोरंट पॉवरकडे आहे. पुरवठादार कोणीही असो, घरी चार्ज करण्याचे साधारण दोन प्रकार आहेत. पहिला, १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडीसोबत मिळणारा सुटा चार्जर, जो जास्तीत जास्त ३.३ किलोवॅटने वीज देतो. दुसरा, भिंतीवर कायमचा बसवलेला ७.२ किलोवॅटचा चार्जर, ज्याला ३२ अँपिअरची स्वतंत्र वायर लागते. ३० युनिट (म्हणजे ३० किलोवॅट-तास) क्षमतेची बॅटरी पहिल्यावर नऊ-दहा तासांत आणि दुसऱ्यावर साडेचार-पाच तासांत भरते. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला सात-आठ युनिट पुरतात, म्हणजे सॉकेटवर अडीच-तीन तास. त्यामुळे विक्रेता आग्रह करतो म्हणून मोठा चार्जर घेण्याची घाई नको, पण वायर मात्र सुरुवातीलाच मोठ्या चार्जरला पुरेल अशी जाड टाकून घ्यावी. भिंती पुन्हा फोडण्याचा खर्च वायरच्या फरकापेक्षा जास्त असतो. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी कधीही चार्ज करू नये. तासन्‌तास पूर्ण भार वाहण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

घरात दोन एसी आणि गीझर असतील तर मंजूर भार किती आहे हे वीजबिलावर पाहावे आणि गरजेप्रमाणे तो वाढवून घ्यावा.

आता पैशांचा मुद्दा. 'पेट्रोलच्या तुलनेत फुकटच' हे वाक्य महाराष्ट्रात जसेच्या तसे मानू नये, कारण घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्यापुढे चौथा. मध्यम आकाराची विजेवरची गाडी शहरात एका युनिटवर साधारण सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर चालवली आणि चार्ज होताना वाया जाणारी वीज धरली, तर सुमारे १६५ युनिट वाढतात. समजा घरचा वापर आधी २५० युनिट होता, तर नवी बेरीज ४१५ झाली, म्हणजे गाडीची पहिली ५० युनिटे जुन्याच टप्प्यात बसली आणि उरलेली ११५ पुढच्या, बऱ्याच महाग टप्प्यात गेली. तरीही पेट्रोलपेक्षा खर्च कमीच राहतो, मात्र जाहिरातीतल्याइतका नव्हे. याच कारणासाठी वीज वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेता येतो का, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात विचारावे. या मीटरचा दर वेगळा असतो आणि घरगुती वरच्या टप्प्यांपेक्षा स्वस्त पडू शकतो. चालू दरपत्रक समोर ठेवून, स्थिर आकारासह दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला की निर्णय दहा मिनिटांत होतो.

तिसरी पायरी : गाडी निवडणे

याबद्दल ढीगभर माहिती सर्वत्र मिळते, म्हणून इथे थोडक्यात. कागदावर लिहिलेल्या अंतराच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश अंतर प्रत्यक्षात मिळेल असे धरून चालावे. कासारवडवलीहून ऐरोलीला किंवा खारघरहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज जाणाऱ्याला, घरी चार्जिंग असेल, तर सर्वांत मोठ्या बॅटरीची गरज नसते, आणि वर्षातून दोन वेळा कोकणात जायचे म्हणून चार-पाच लाख अधिक मोजणे मला पटत नाही. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते; काही कंपन्या पहिल्या मालकासाठी ती याहून लांबवतात, पण गाडी विकल्यावर दुसऱ्या मालकाला किती हमी उरते हे लेखी वाचून घ्यावे.

विजेवरच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि सध्याच्या धोरणानुसार राज्यात मोटार वाहन कर माफ आहे. कर्जाच्या व्याजावरची जी स्वतंत्र आयकर सवलत अनेक जण अजूनही सांगतात, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती, त्यामुळे ती हिशेबात धरू नये. गाडीची किंमत दहा लाखांवर असेल तर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

चौथी पायरी : जुन्या गाडीची किंमत ठरवणे

बुकिंग करण्यापूर्वीच जुन्या गाडीचे किमान तीन भाव घ्यावेत : नव्या गाडीच्या शोरूमचा, जुन्या गाड्यांच्या एखाद्या मोठ्या खरेदीदार कंपनीचा आणि शक्य असल्यास ओळखीतल्या ग्राहकाचा. शोरूमवाला एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी देऊन नवी घेतल्याबद्दलची जादा सवलत) आणि गाडीची किंमत एकत्र सांगतो. ते दोन आकडे वेगळे लिहून मागावेत, म्हणजे बोनस काढल्यावर गाडीला प्रत्यक्ष किती मिळते ते दिसते. अनेकदा बाहेर गाडी विकून बोनस सोडून दिलेला परवडतो.

गाडी पाहायला येणारा मूल्यमापक काय पाहतो हे माहीत असले तर बोलणी करताना आपली बाजू भक्कम राहते. तो आधी दारे उघडतो आणि चौकटीवरचे रबर बीडिंग बोटाने खाली ओढून त्यामागचे वेल्डिंगचे गोल ठिपके मोजतो. कंपनीतून आलेले ठिपके एकसारखे आणि समान अंतरावर असतात, अपघातानंतर ठोकपीट झालेल्या चौकटीवर ते विसकटलेले दिसतात. मग रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवतो, बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधतो, डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खोलगट जागेत गंज पाहतो, कारण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंजाची सुरुवात तिथेच होते. शेवटी थंड इंजिन सुरू करून ऑइल कॅप उघडतो. या ठिकाणी लपवालपवी करण्यात अर्थ नसतो. गाडी पूर्वी ठोकली गेली असेल तर आपण होऊन सांगावे आणि दुरुस्तीची बिले दाखवावीत, म्हणजे अकारण भाव पाडण्याची संधी त्याला मिळत नाही. विकण्यापूर्वी नवे टायर किंवा संपूर्ण रंगकाम यांवर खर्च करू नये, तो भावात भरून निघत नाही. आतून-बाहेरून स्वच्छ धुलाई, वैध पीयूसी आणि सर्व्हिसच्या नोंदी एवढे पुरे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा ही दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राची आहे, महाराष्ट्राची नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे 'डिझेल आहे, आता कोण घेणार' असे म्हणून कोणी भाव पाडत असेल तर ऐकून घेऊ नये.

गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आणि दुरुस्तीपलीकडची असेल तर ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्यावी, गल्लीतल्या भंगारवाल्याला नाही. गाडीचे काय झाले याचा कोणताही पुरावा तो देत नाही आणि नोंदणी तुमच्याच नावावर जिवंत राहते. अधिकृत केंद्रातून गाडी भंगारासाठी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीच्या करात आणि नोंदणी शुल्कात सवलत असते, पण विजेवरच्या गाडीला हे दोन्ही मुळातच माफ असल्याने त्या सवलतीचा तुम्हाला थेट उपयोग होत नाही. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येते. घरातला कोणी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी घेणार असेल तर ते त्याच्या कामी येईल.

पाचवी पायरी : मधले दिवस

घरचे चार्जिंग सुरू होऊन आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी गाडी हाताशी असू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण येते ती जागेची, कारण बहुतेक सोसायट्यांत एका घराला एकच पार्किंग. कमिटीला आधी सांगून दोन-तीन आठवडे पाहुण्यांच्या जागेत एक गाडी ठेवण्याची परवानगी घ्यावी. एक्स्चेंज बोनस घेत असाल तर नाव बदलल्याची कागदपत्रे किती दिवसांत द्यावी लागतात हे शोरूमकडून लिहून घ्यावे, म्हणजे घाई कुठवर टाळता येते ते कळेल.

विम्याचाही याच टप्प्यावर विचार करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे, ते तीन वर्षे चालते. नवी गाडी आधी आणि जुनीची विक्री नंतर असा क्रम असेल तर हा बोनस नव्या पॉलिसीत कसा धरता येईल, हे पॉलिसी निघण्यापूर्वीच कंपनीला विचारावे. नव्या पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), बॅटरीचे संरक्षण आणि घरच्या चार्जरचे संरक्षण पाहावे. सवयीने यादीत आलेले इंजिन संरक्षण काढून टाकायला सांगावे.

गाडी ताब्यात घेण्याचा दिवस पाडवा किंवा दसरा असेल तर शोरूममध्ये एवढी गर्दी असते की तपासणी होत नाही. म्हणून एक-दोन दिवस आधी जाऊन गाडी पाहावी : उत्पादनाचा महिना, टायरवरची तारीख, दोन्ही किल्ल्या, सुटा चार्जर, आणि चार्जिंगचे पोर्ट उघडून प्रत्यक्ष चार्जिंग सुरू होते की नाही. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेली नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. मग पूजा, नारळ आणि चाकाखालचे लिंबू निवांतपणे होऊ द्या.

सहावी पायरी : गाडीशी जुळवून घेणे

पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा बदल पायाला जाणवतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप वेग कमी करते आणि त्या ऊर्जेतून बॅटरीत थोडी वीज परत जाते. ही रचना मंद पातळीवर ठेवून सुरुवात करावी, नाहीतर मागे बसलेल्यांना मळमळते. हात बसल्यावर पातळी वाढवावी. माजिवड्यापासून गायमुखपर्यंतच्या कोंडीत याचा खरा फायदा कळतो, कारण क्लचचा त्रास नसतो, इंजिनची थरथर नसते, आणि उभ्या गाडीत जी काही वीज जाते ती मुख्यतः एसीला. पाम बीच रोडवर पहाटे गाडी नेली तर टायरचा आवाजही आपण प्रथमच ऐकत आहोत असे वाटते. मात्र गाडी शांत असल्याचे पादचाऱ्यांना माहीत नसते. सोसायटीच्या आवारात, विशेषतः मुले खेळत असताना, वेग अगदी कमी ठेवावा.

चार्जिंगची सवय मोबाइलसारखी लावून घ्यावी : संपण्याची वाट न पाहता, घरी आल्यावर लावून टाकायचे. बॅटरी कोणत्या रसायनाची आहे हे पुस्तिकेत पाहावे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असेल तर कंपन्या साधारणपणे आठवड्यातून एकदा ती पूर्ण शंभर टक्के भरायला सांगतात, म्हणजे उरलेल्या चार्जचा अंदाज अचूक राहतो. निकेलयुक्त प्रकारात रोजच्या वापरासाठी ८० टक्के पुरेसे मानले जाते. गावी जाऊन दोन-तीन आठवडे गाडी उभी ठेवायची असेल तर ५०-६० टक्क्यांवर सोडावी. मोठ्या बॅटरीच्या जोडीला या गाडीत १२ व्होल्टची नेहमीची छोटी बॅटरीही असते, आणि ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. नवख्या मालकांची मदतीसाठी होणारी धावपळ पुष्कळदा हिच्यापायी असते.

घाट, टोल आणि पाऊस

पहिल्या लांबच्या सहलीसाठी लोणावळा उत्तम, कारण त्या वाटेवर चढ आणि उतार दोन्ही शिकायला मिळतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर चढतो, आणि दीड टन वजनाची गाडी तेवढी वर नेण्यासाठीच दोन युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. ३० युनिटच्या बॅटरीत हा सात-आठ टक्क्यांचा फरक झाला. घाटात टक्के भराभर उतरताना पाहून घाबरू नये. परतीला त्यातला बराच भाग वसूल होतो. अट एकच : लोणावळ्याहून निघताना बॅटरी काठोकाठ भरलेली नको. पूर्ण भरलेल्या बॅटरीत परतणाऱ्या विजेला जागा नसते, मग उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ऐवजी ८०-८५ ने चालवल्यास अंतरात लक्षणीय फरक पडतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी अशा दोन-तीन ॲपवर नोंदणी करून थोडे पैसे भरून ठेवावेत, कारण चार्जरपाशी पोहोचल्यावर ओटीपीची वाट पाहणे त्रासाचे असते. बॅटरी १५-२० टक्क्यांवर असतानाच थांबावे, म्हणजे चार्जर बंद निघाला तरी पुढच्या केंद्रापर्यंत जाता येते. ८० टक्क्यांनंतर जलद चार्जिंगही मंदावते. तिथेच थांबून शंभर गाठण्यात आपला वेळ जातो आणि रांगेतल्या माणसाचाही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या वीज वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली आणि अटल सेतूवर तिची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. त्यासाठी फास्टॅगवर गाडीचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. शोरूममध्ये मिळालेला टॅग पुष्कळदा चॅसिस क्रमांकावर काढलेला असतो, तो बँकेकडून ताबडतोब अद्ययावत करून घ्यावा आणि पहिल्या काही फेऱ्यांत पैसे कापले जातात का यावर लक्ष ठेवावे. ऐरोली, वाशी, आनंदनगर या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांची माफी मात्र ऑक्टोबर २०२४ पासून सर्वच हलक्या वाहनांना आहे, ती विजेवरच्या गाडीची बचत म्हणून मोजू नये.

पावसाळ्यात चार्जिंग करणे सुरक्षित आहे, जर अर्थिंग चोख असेल आणि सॉकेटवर झाकण असेल. बॅटरीवर लिहिलेले आयपी ६७ हे मानांकन म्हणजे ठरावीक खोलीच्या स्थिर पाण्यात अर्धा तास टिकल्याची चाचणी होय. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेण्याचा तो परवाना नव्हे. बॅटरी गाडीच्या पोटाशी असल्याने खड्डे आणि गतिरोधकांवर तळ घासू देऊ नये, आणि घासलाच तर सर्व्हिस सेंटरमध्ये लिफ्टवर चढवून पाहून घ्यावे. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये आणि ओढून नेण्यासाठी चारही चाके वर राहतील अशीच सपाट टोईंग गाडी मागवावी.

शेवटची पायरी : जुनी गाडी नावावरून उतरवणे

किल्ली दिली म्हणजे गाडी विकली गेली, असे कायदा मानत नाही. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघातातल्या नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ठाण्याचा क्रमांक एमएच ०४, कल्याणचा ०५, नवी मुंबईचा ४३ आणि पनवेलचा ४६. गाडीची नोंद जिथली आहे त्या कार्यालयाशी हे काम निगडित असते.

तयारी अशी करावी. कर्ज फिटलेले असले तरी आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बँकेचा बोजा राहून गेलेला असतो. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा. दाखल्याला मुदत असते, म्हणून तो हाती येताच काम सुरू करावे. ई-चलनांची थकबाकी भरावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी, नाहीतर आरटीओतले काम अडते. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी तपासावी. आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही : आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत नोंदलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे, कारण ओटीपी त्यावरच येतो. दहा वर्षांपूर्वी एजंटने स्वतःचा नंबर टाकून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच असते.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून एजंटच्या हाती देऊ नयेत. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख आपल्यासमोर भरून मगच सही करावी आणि प्रत्येक पानाचा फोटो काढावा. पैसे बँकेतून घ्यावेत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने वर्ज्य आहे. गाडी देताना ताबापत्र लिहावे आणि त्यात तारखेसोबत वेळही घालावी, उदाहरणार्थ सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे, मीटरवरचे किलोमीटर, आणि यापुढील अपघात, दंड व गुन्हा यांची जबाबदारी खरेदीदाराची असल्याचे वाक्य. त्याच संध्याकाळी पुढच्या सिग्नलवर चलन फाटले तर ही वेळच कामी येते.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला गाडी देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत विक्रेता म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात गेल्याची सूचना नमुना २९ क मध्ये आरटीओच्या पोर्टलवर दिली जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. अनधिकृत विक्रेत्याकडे गाडी महिनोन्‌महिने पडून राहते, ग्राहकांना चालवायला दिली जाते, आणि या सगळ्या काळात कागदावर मालक तुम्हीच असता.

गाडी रिकामी करताना डॅशबोर्डवरचा गणपती आणि जपमाळ घरातले कोणीतरी काढतेच. राहून जातात त्या वेगळ्या वस्तू : डॅशकॅमचे मेमरी कार्ड, म्युझिक सिस्टीममध्ये साठलेले सगळ्यांचे फोन नंबर, सोसायटीचा स्टिकर, गेटचा रिमोट, सीटखालची जुनी बिले आणि कागद. फास्टॅग काचेवरून खरवडून काढणे पुरेसे नाही. बँकेकडे तो रीतसर बंद करून अनामत परत मागावी, नाहीतर नवा मालक तुमच्या खात्यावर टोल भरत फिरतो.

गाडी गेल्यावर एम-परिवहन ॲपवर तिचा क्रमांक टाकून दर आठवड्याला नाव तपासावे. महिनाभरात बदल दिसला नाही तर खरेदीदाराला लेखी स्मरणपत्र द्यावे, ताबापत्राची प्रत जोडून आरटीओला पुन्हा कळवावे आणि विमा कंपनीलाही सूचना द्यावी. नव्या मालकाचे नाव दिसल्यावर त्या पानाचा फोटो, ताबापत्र आणि पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद एकत्र ठेवावी आणि बोनस राखून ठेवल्याच्या पत्रासाठी त्याच दिवशी विमा कंपनीकडे अर्ज करावा.